फुकट शिक्षणाला बारा लाख

बँकेतली माझी शेवटची नऊ वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण प्रश्न काही पाठ सोडत नाही: मुलाला बाहेर पाठवायचंय, स्वस्त देश कुठला? लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात. परवा आमच्या भाजीवाल्या मावशींनी मेथी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "म्याडम, जर्मनीत फुकट शिकवत्यात म्हनं, खरं हाय का?" त्यांचा धाकटा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मावशी. खरं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही फी नाही, सहामाहीची थोडी वर्गणी तेवढी भरायची. (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली.) पण व्हिसा मागायला जाताना ब्लॉक्ड अकाउंट दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधीच भरलेले असावे लागतात. महिन्याला ९९२ युरो सुटतात. पैसे मुलाचेच, त्याच्याच भाड्याचे आणि जेवणाचे. पण एकरकमी आणि आधी! वर्षाला चार लाखसुद्धा हातात न येणाऱ्या घरानं ते आणायचे कुठून?

इंग्लंडचं नेमकं उलटं. तिथल्या मुलांची फी १९९८ मध्ये सुरू झाली ती १,००० पाउंडांनी, २०१२ मध्ये ९,००० झाली, २०२५ मध्ये ९,५३५. आकडा ऐकून आपल्याला घाम फुटतो. पण कर्ज घेणारा तिथला मुलगा प्रवेशाच्या दिवशी फीची दमडीही मोजत नाही. सरकारी कर्जातून ती परस्पर भरली जाते. पुढे वर्षाचा पगार २५,००० पाउंडांच्या वर गेला, तर त्या वरच्या रकमेतले ९ टक्के कापतात, आणि चाळीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. आपल्या मुलाला यातलं काही नाही. त्याच्या फीला सरकारी मर्यादा नाही, शिवाय आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. तिथली बरीच मास्टर्स एका वर्षात संपतात, तेवढी एक वर्षाची खोली वाचते.

म्हणून देशांच्या फीचे तक्ते घेऊन कुणी आलं की मी ते बाजूला ठेवते आणि विचारते: पैसे कधी लागणार, आणि कर्जाच्या कागदावर सही कुणाची? तसेही ते तक्ते शिळे असतात. नॉर्वे सगळ्यांना फुकट आहे असं सांगणारे मेसेज अजून फिरतात. तिथं युरोपबाहेरच्यांना २०२३ पासून फी आहे. स्वीडनने तर २०११ मध्येच लावली.

एक फाइल माझ्या डोक्यातून जात नाही. २०१३ चा मे, अमेरिका, पहिल्या सहामाहीचे दहा हजार डॉलर. डॉलर तेव्हा पंचावन्नच्या घरात, आम्ही कर्ज रुपयांत मंजूर केलं. ऑगस्टअखेरीस फी भरायची वेळ आली तेव्हा डॉलर अडुसष्ट. तिथल्या फीत एक सेंटही वाढला नव्हता, आणि सव्वा लाखाच्या वर भोक पडलं. वडील दोन दिवसांनी आले. पाटल्या मोडल्याची पावती त्यांनी उगाचच मला दाखवली. मी ती का बघितली, कोण जाणे.

आणि आपलं कर्ज म्हणजे साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण, परदेशासाठी १५ टक्के पदरचे. हप्ता शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगायची. ऐकायचं कुणी नाही.

मावशींना म्हटलं, ब्लॉक्ड अकाउंटचे पैसेही काही बँका कर्जात बसवतात, पण तारण लागेल. घर कुणाच्या नावावर आहे?

"घर माझ्याच नावावर हाय. पन जागा गुंठेवारीची. चालंल का?"

जागा नियमित केल्याचा दाखला असेल तर बोलता येईल, नुसत्या स्टॅम्पपेपरवर नाही. त्यांनी मेथीच्या पैशांतले पाच रुपये सोडले आणि म्हणाल्या, पेटीत काय काय कागद हायती, बघते. रविवारी पिशवी घेऊन येणार आहेत.