सर्दीला अझी का देत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

‘गेल्या वेळी अझीच्या तीन गोळ्यांत सर्दी पळाली, मग आता द्यायला तुमचं काय जातं?’ पावसाळा लागला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोजचाच. अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन, जिवाणूंवरचं अँटिबायोटिक. मागे चार माणसं खोळंबलेली असतात, तिथे नीट बोलणं होत नाही. म्हणून इथे सांगतो.

तुम्हाला बरं वाटलं हे खरंच आहे. फक्त दिवस मोजा. पहिले दोन दिवस माणूस आल्याच्या चहावर आणि वाफेवर काढतो. तिसऱ्या दिवशी नाक चोंदतं, रात्रभर झोप नाही, मग माझी पायरी चढतो. सर्दीचा जोर असतो तोही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तिथून ती आपसूक उतरायला लागते आणि आठवडा-दहा दिवसांत जाते. अझिथ्रोमायसिनचा कोर्स तीन दिवसांचा. गोळ्या संपतात तोवर सर्दीही निघालेली असते, आणि नाव होतं अझीचं!

सर्दी विषाणूंची. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. अझी जिवाणूंच्या आत प्रथिनं बनवणारं यंत्र बंद पाडते. विषाणूकडे ते यंत्रच नसतं, तो आपल्या पेशींना राबवून घेतो. मग गोळीचा मार बसतो पोटातल्या चांगल्या जिवाणूंना. जुलाब लागले की पुन्हा माझ्याचकडे येता.

‘अहो, पण शेंबूड पिवळा झालाय!’ तो रंग बहुधा आपल्याच पांढऱ्या पेशींचा. साध्या सर्दीतही येतो.

सगळ्यात वैताग आणतं ते ‘दोनच कापून द्या’. मी पट्टी उलटी करून उभी लाल रेघ दाखवतो: चिठ्ठीशिवाय नाही. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स तर 2014 पासून एच-वन या जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत, डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरला चढवावं लागतं. मार्च 2023 मध्ये ताप-खोकल्याची लाट आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही सांगितलं होतं की लोक अझिथ्रोमायसिन मनानेच घेतात आणि बरं वाटलं की सोडतात, हे थांबवा. अर्ध्या डोसातून वाचलेले जिवाणू पुढच्या खऱ्या आजारात औषधाला दाद देत नाहीत.

मिठाच्या गुळण्या करा, अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल न्या. दम लागला, ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर मात्र डॉक्टर गाठा. त्यांनी तपासून अझी लिहिली तर मी लगेच देईन, पण पूर्ण कोर्स.