तुम्ही विचारलंत म्हणून: उत्क्रांतीचं श्रेय नक्की कोणाचं?

"मॅडम, आपल्या दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितलीय, मग श्रेय डार्विनला का?"

जीवशास्त्राच्या शिक्षिकेला हा प्रश्न चुकत नाही. मला तो वर्गात विचारला गेला, वाचनालयातल्या व्याख्यानानंतर विचारला गेला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारला. ज्यांनी थोडं अधिक वाचलेलं असतं ते वेगळं विचारतात: डार्विनने वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचं काम आपल्या नावावर घेतलं, हे खरं ना? दोघांनाही एकच जाणून घ्यायचं असतं, की एखादी कल्पना कोणाची मानायची. म्हणून उत्तर एकत्रच देते.

मी सिंधुदुर्गातली. जत्रेत रात्र रात्र जागून दशावतारी नाटकं बघत मोठी झाले. सुरुवातीलाच काळा संकासुर येतो, वेद पळवतो, आणि ते सोडवायला विष्णूला यावं लागतं. त्या कथांवर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच वाटतं की त्या काय सांगतात ते नीट ऐकावं. मासा का? तर वेद समुद्रात नेले म्हणून. कासव का? समुद्रमंथनात मंदार पर्वताला खालून आधार हवा म्हणून. वराह का? बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलायची म्हणून. जसं काम तसा देह. माशाच्या वंशात पुढे कासव जन्मलं, असं त्यात कुठेच नाही. परशुराम आणि राम तर रामायणात समोरासमोर उभे राहतात. त्यांना एकामागून एक आलेल्या पायऱ्या म्हणायचं कसं? आणि अवतारांची ही रांग उत्क्रांतीची म्हणून वाचली जाऊ लागली ती डार्विनचं पुस्तक आल्यानंतर. थिऑसॉफी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ साली तसं लिहिलं, ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली कलकत्त्याच्या भाषणात तसं मांडलं. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ चा. परक्यांच्या राज्यात आपल्या परंपरेचा मान राखायची ती धडपड मला समजते. पण त्यासाठी पुराणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालायची गरज नव्हती.

जीव बदलत आले असावेत, ही नुसती कल्पना डार्विनची नव्हेच. त्याच्या आजोबांनी, इरॅस्मस डार्विननी, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस छापली होती, आणि लामार्कचा ग्रंथ आला १८०९ साली, म्हणजे डार्विनच्या जन्माच्याच वर्षी. अडत होतं ते "कसे बदलतात?" इथे. डार्विनचं उत्तर सांगायला सोपं आहे. जगू शकतील त्याहून कितीतरी जास्त पिल्लं जन्मतात. ती सगळी सारखी नसतात. ज्यांच्या वेगळेपणाचा जगायला उपयोग होतो ती जास्त टिकतात, आणि तेच वेगळेपण त्यांच्या पिल्लांत उतरतं. पिढ्यांमागून पिढ्या हे चालत राहिलं की एका जातीतून दुसरी निघते. हीच नैसर्गिक निवड.

पण हेही त्याच्याआधी कोणीतरी लिहिलं होतं. पॅट्रिक मॅथ्यू या स्कॉटिश बागाईतदाराने १८३१ साली एक पुस्तक काढलं, जहाजबांधणीच्या लाकडावर. त्याच्या परिशिष्टात नैसर्गिक निवडीचा विचार स्पष्ट मांडलेला आहे. १८६० साली त्याने बागकामाच्या एका साप्ताहिकात तो उतारा पुन्हा छापून आणला, तेव्हा डार्विनने तिथेच जाहीरपणे कबूल केलं की मॅथ्यूने हे आपल्याआधी सांगितलं होतं. आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत पूर्वसूरींचा इतिहास जोडताना त्याचं नावही घातलं. मग शोध मॅथ्यूचा का नाही? माझं मत असं, की विचार सुचला हे मोठंच, पण त्याने तो परिशिष्टात ठेवला आणि जवळपास तीस वर्षं त्यावर पुढे काही उभारलं नाही.

एडवर्ड ब्लिथचं प्रकरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण हा माणूस आपल्याकडे राबला. १८४१ साली तो एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळायला कलकत्त्याला आला आणि वीसेक वर्षं राहिला. आपल्याकडची गुरं, कबुतरं, कोंबड्या यांची बारीकसारीक माहिती तो पत्रांतून डार्विनला कळवत असे. गावठी कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे ठरवताना डार्विनला त्याचा मोठा आधार होता. या ब्लिथने १८३५ मध्येच लिहिलं होतं की निसर्गात दुबळे, वेगळे जीव गळून पडतात. त्यामुळे डार्विनने कल्पना त्याच्याकडून उचलली असा आरोप पुढे झाला. पण ब्लिथचा निष्कर्ष उलटा होता. ही गाळणी जातीला मूळ रूपात राखते, असं त्याला दिसलं. त्याच गाळणीतून जात बदलते, हे डार्विनला दिसलं. आणि १८५५ च्या डिसेंबरात याच ब्लिथने कलकत्त्याहून डार्विनला पत्र लिहून विचारलं, वॉलेसचा नव्या जातींवरचा लेख वाचलात का, कसा वाटला?

आता वॉलेस. आल्फ्रेड रसेल वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षाच्या आसपास सुटली. तो पक्षी आणि कीटक गोळा करून विकायचा आणि त्यावर पोट भरायचा. ॲमेझॉनच्या जंगलात चार वर्षं काढून परतताना १८५२ साली भर समुद्रात जहाज पेटलं आणि सोबतचा सगळा संग्रह जळाला. तरीही दोन वर्षांत हा माणूस मलाया द्वीपसमूहात (आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर) निघाला. १८५८ च्या सुरुवातीला, हिवतापाने फणफणलेला असताना, त्याला नैसर्गिक निवडीचं कोडं सुटलं. निबंध लिहून त्याने टर्नाटे बेटावरून तो पाठवला डार्विनलाच.

डार्विनच्या हाती तो पडला जूनमध्ये. वीस वर्षं त्याच विचारावर घालवलेला माणूस! पहिला आराखडा १८४२ चा, मोठा निबंध १८४४ चा, मध्ये आठ वर्षं बोटींच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकलचा अभ्यास. त्याच दिवसांत घरात स्कार्लेट फीवर शिरला आणि दीड वर्षाचं धाकटं मूल २८ जूनला गेलं. भूशास्त्रज्ञ लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या मित्रांनी मार्ग काढला: १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत, आधी डार्विनचे जुने उतारे आणि मग वॉलेसचा निबंध वाचला गेला. डार्विन घरी शोकात होता. वॉलेस न्यू गिनीत होता, त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

चोरी झाली का? नाही. १८४४ चा निबंध हूकरने दहा-अकरा वर्षांपूर्वीच वाचला होता, आणि १८५७ मध्ये डार्विनने हा विचार अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्राने कळवला होता. पण अन्याय झाला का, असं विचाराल तर मी हो म्हणेन. ज्याचा लेख, त्याच्या परवानगीशिवाय, आणि नाव दुसऱ्या क्रमांकावर. वॉलेसने कधी तक्रार केली नाही. १८८९ साली स्वतःच्या पुस्तकाला त्याने 'डार्विनिझम' हे नाव दिलं. डार्विननेही खटपट करून १८८१ मध्ये त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळवून दिलं.

तेव्हा माझं उत्तर असं आहे: नैसर्गिक निवडीचा शोध डार्विन आणि वॉलेस या दोघांचा, आणि तो नाकारता येणार नाही इतका पुरावा उभा करण्याचं श्रेय डार्विनचं. परीक्षेत मुलांनी वॉलेसचं नाव लिहिलं नाही, तर मी अर्धा गुण कापत असे.

अलीकडे व्याख्यानात मी आणखी एक फोटो दाखवते. १८६२ साली सिंगापूरला काढलेला, एका तरुण मुलाचा. त्याचं नाव अली. बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये तो वॉलेसकडे कामाला लागला. पक्षी टिपायचा, त्यांची कातडी सोलून भरायचा, होडी हाकायचा, वॉलेस तापाने पडला की त्याची शुश्रूषा करायचा. १८५८ च्या ऑक्टोबरात बाचान बेटावर तो एक पक्षी घेऊन परतला आणि म्हणाला, बघा साहेब, किती विचित्र पक्षी आहे. छातीवर चकचकीत हिरवा पिसारा, खांद्यातून निघालेली लांब पांढरी पिसं. स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळातली ती एक नवीच जात होती. लंडनमध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं गेलं ते वॉलेसवरून.