सुबीजचं छत एकदाचं बसलं!

मंडळी, छताचं कोडं सुटलं!! पॅरिसच्या ऑतेल द सुबीज या वाड्यातल्या राजकुमारीच्या सलोनचं (बैठकीच्या खोलीचं) एकास बारा मापाचं मॉडेल करतेय, त्याच्या घुमटावर काल रात्री शेवटची पट्टी चिकटली आणि टॉर्च मारून किती वेळ नुसती बघत बसले.

घोळ मागे सांगितला तोच होता, मधल्या फुलापासून खाली उतरणाऱ्या सोनेरी जाळीदार पट्ट्या घुमटाच्या बाकावर नीट बसतच नव्हत्या. मूळ खोलीत वास्तुकार बोफ्राँने भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळूच दिलेलं नाही, सरळ कॉर्निस (भिंत-छताच्या सांध्यावरची पट्टी) नाहीच, कमानींवरून नागमोडी काठ फिरतो आणि त्या वळणांत चित्रकार नातुआरची सायकीच्या (पुराणकथेतल्या राजकन्येच्या) गोष्टीची आठ चित्रं (१७३७ ते १७३९). त्यामुळे पट्टी घुमटापासून केसभर जरी उचलली गेली तरी सांधा दिसतो आणि सगळी मजा गेली. रेझिनमध्ये सपाट थ्रीडी प्रिंट केल्या तर वाकवताना तुटायच्या, गरम पाण्यात मऊ करून बसवल्या तर नंतर टोकं वर यायची, वळणासकट प्रिंट केल्या तर लेयर लाइन्स (प्रिंटच्या थरांच्या रेघा), आणि एकास बाराच्या नक्षीच्या पानांत सँडिंग कुठून करणार? फ्लेक्झिबल रेझिन मागवलं, चांगलंच महाग, त्यात पानांच्या कडाच बोथट येतात. नक्षीकामाला अजिबात घेऊ नका.

उत्तर निघालं साध्या एम-सीलमध्ये! सपाट प्रिंटवरून सिलिकॉनचा साचा केला, आत टाल्कम पावडर, एम-सील दाबून भरलं आणि अर्धवट कडक झालं की अलगद सोडवून थेट घुमटावर. मग ते घुमटाचाच बाक धरून कडक होतं, आणि आकसत नाही, एअर ड्राय क्ले त्याच कारणाने बाद केला होता. वर्खाखाली लालसर बेस दिलाय, तेव्हाचे कारागीरही सोन्याखाली लाल मातीचा थर द्यायचे, फिकट निळ्या छतावर काय उठाव आलाय!

टॉर्च खालून मारल्यावर मात्र प्लॅनच बदलला. खिडक्यांतून दिवसाचा उजेड देणार होते, आता संध्याकाळ करणार. या खोल्या मेणबत्त्यांसाठीच होत्या, भिंतीवरच्या दिव्यांची ज्योत समोरच्या आरशात दुप्पट व्हायची आणि सोनं हलल्यासारखं दिसायचं. म्हणजे वॉर्म एलईडी, तेही कमी उंचीवर, छतात एकही नाही.

आणि संध्याकाळ म्हटली की माणसं आली, मग खुर्च्याही तशाच हव्यात. सपाट पाठीच्या मोठ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्याच राहायच्या, त्या पॅनेलिंगचाच भाग, बसायला हलक्या काब्रिओले (आत वळलेल्या पाठीच्या खुर्च्या) ओढून घ्यायच्या, दोघं इकडे, चौघं शेकोटीपाशी. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घरी मैफली भरवणाऱ्या मादाम जोफ्राँकडे सोमवारी चित्रकार आणि बुधवारी लेखक यायचे, तिथे गप्पांचं कोंडाळं जमायचं ते अशाच खुर्च्यांवर असणार. तेव्हा मधलं टेबल रद्द, भिंतीच्या खुर्च्या फिक्स आणि काब्रिओले सुट्या ठेवणार, म्हणजे बघणाऱ्याला हलवता येतील.

काब्रिओलेची आत वळलेली पाठ कुणी केलीय का? व्हीनियरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) थर चिकटवून वाकवायची की लाकूड वाफवून? मी थरांकडे झुकतेय, पण पेअरवुडचा (नासपतीच्या लाकडाचा) अनुभव असेल तर आधी सांगा, या आठवड्यात लाकूड मागवायचंय.