मगरीचा भाऊबंद कावळा

मगर आणि पाल यांचे फोटो शेजारी ठेवून कुणालाही विचारा, यातले नातेवाईक कोण? दोघींच्या अंगावर खवले, चार आखूड पाय, लांब शेपूट. उत्तर ठरलेलंच. तिथेच कावळ्याचा फोटो ठेवला तर लोक हसतात. पण मगरीचा खरा भाऊबंद तो कावळाच.

पाल, साप, कासव यांच्या हृदयात वरचे दोन कप्पे आणि खाली एकच, तोही अर्धवट पडद्याचा. मगरीच्या हृदयात पक्ष्यांसारखे पुरते चार. मगरीची पिल्लं अंड्यात असतानाच आतून आवाज देतात, मग आई घरटं उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. घरातली पाल कुठल्या तरी फटीत दोन अंडी घालते आणि चालती होते! मगर आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोरही त्याच घराण्यातले. पालीची वाट त्याच्याही आधी वेगळी झाली.

मला वेड आहे ते कवट्यांचं. रंग, खवले, पाय हे सगळं फसवं. डोळ्यामागे कवटीला भोकं किती आणि त्यांच्या कडेच्या हाडाच्या काड्या शाबूत आहेत का, हे आधी बघावं. सरड्यात खालची काडी गळालेली असते. सापात वरचीही गेली, आणि जबडा इतका मोकळा झाला की डोक्यापेक्षा मोठं भक्ष्य आत सरकतं. न्यूझीलंडच्या टुआटारा या सरीसृपात मात्र दोन्ही काड्या जागच्या जागी. दिसायला तो हुबेहूब सरडा. १८६७ साली प्राणीशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनी त्याची हाडं नीट तपासली आणि त्याला सरड्यांतून बाहेर काढलं. त्याच्या गणात आज तो एकटाच उरलाय. सरडे आणि साप यांच्या गणात ११ हजारांहून जास्त जाती आहेत.

बिनपायाचे सरडेही असतात, आणि बिचारे साप म्हणून मारले जातात. त्यांतले बरेचसे डोळे मिटतात. सापाला पापणीच नाही, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. सापाची अख्खी कात मिळाली तर डोक्याकडचा भाग उजेडात धरून बघा, दोन गोल चकत्या स्पष्ट दिसतात.

कासवाचं प्रकरण सगळ्यांत चक्रावणारं. त्याच्या कवटीत डोळ्यामागे भोकच नाही, म्हणून ते सगळ्यांत जुन्या शाखेतलं असं बराच काळ मानलं जाई. जनुकांनी त्याला थेट मगर आणि पक्ष्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. पुरावा भक्कम आहे, मन मात्र अजून कुरकुरतं.

आता पक्ष्यांना बाहेर ठेवून सरीसृपांचा वर्ग आखणं म्हणजे सख्ख्या भावाला वगळून लांबच्या चुलत्यांना वंशावळीत घेणं. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये साप, बेडूक आणि शार्क एकाच वर्गात कोंबले होते, ते आपण मोडलंच ना? मग पक्षीही सरीसृपांतच घ्यावेत, या मताचा मी आहे.