तिसरी सही

अर्ली डिसिजन म्हणजे अमेरिकेतल्या एका कॉलेजला लवकर अर्ज करून, घेतलं तर तिथेच येईन असं आधीच बांधून घेणं. त्याच्या करारावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकांची आणि शाळेतल्या काउन्सेलरची. न्यू जर्सीतल्या आमच्या सरकारी हायस्कुलात ती तिसरी सही माझी. बहुतेक कॉलेजांची मुदत १ नोव्हेंबर. म्हणजे ३१ ऑक्टोबरला बाहेर पोरं हॅलोवीनचे मुखवटे घालून हिंडतात आणि खरी घाबरलेली माझ्या खोलीत बसतात.

त्या सकाळी एका मराठी मुलाचे बाबा आले. "ताई, सही आजच होईल ना?" फीची चिंता नव्हती. दोन मिनिटांत झालं.

दुपारी एक मुलगी आली. कॉलेज तेच, मार्क त्या मुलापेक्षा सरस. आई गोदामात रात्रपाळीला. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता घरच्यांना किती पडेल ते सांगणारा तक्ता, भरून पाहिला. आला तो नुसता अंदाज. अर्ली डिसिजन एकाच कॉलेजला टाकता येतं, आणि डिसेंबरात हो आलं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कॉलेजची आर्थिक मदत अगदीच अपुरी पडली तर सुटका होते, पण चार कॉलेजांची मदतीची पत्रं शेजारी ठेवून कुठे स्वस्त पडतं ते बघता येत नाही.

"जानेवारीच्या साध्या फेरीपर्यंत थांबले तर चान्स कमी होईल का, मिस?"

"होईल," मी म्हटलं.

अर्लीत कॉलेजला हक्काचं पोर मिळतं, जागा भरतात, मदतीच्या पैशांचा हिशेब आधीच बसतो. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने २००६ साली अर्ली फेरी बंद करायचं जाहीर केलं होतं. सुस्थितीतल्या मुलांनाच तिचा फायदा होतो म्हणून. पण पंगतीत तिघांनीच उपास धरला, बाकीचे जेवतच राहिले. २०११मध्ये तिघंही परत पानावर बसले.

कॉलेजांना कशाला नावं ठेवू? डिसेंबरातल्या निकालांची यादी आमचे मुख्याध्यापक मिरवतात, आणि एक मूल लवकर मार्गी लागलं की माझे जानेवारीचे सात-आठ अर्ज वाचतात. "टाकून दे" हे शब्द अगदी ओठावर आले होते.

तिने आईला फोन लावला. झोपमोड झालेली आई एवढंच म्हणाली, "जुनी गाडी घेतानासुद्धा आपण तीन ठिकाणी विचारलं होतं."

मी तिचं नाव जानेवारीच्या यादीत घातलं. अर्ली टाकलं असतं तर तिला नक्की घेतलं असतं, असं मला तेव्हाही वाटत होतं. चान्स कमी होईल हे मी सांगितलं होतं. किती, ते तिने विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.