चालेल ना?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकतेय.

मी जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करते. पितळ, तांबं, लोखंड. आणि ज्या दुकानासाठी करते तिथे फायरप्लेसचं सामान खूप येतं, म्हणजे आगीसमोर ठेवायचे स्क्रीन, पोकर, चिमटे, फावडी, ओंडके ज्यावर ठेवतात त्या लोखंडी घोड्या. लोकांना वाटतं अँटिकवाल्यांचा दिवसभर इतिहासच चालू असतो. खरं सांगू का, अर्धा दिवस नक्षीच्या खाचांत वाळून बसलेलं पॉलिश टूथपिकने उकरण्यात जातो.

तर एक काका आले. जुनं घर घेतलेलं, त्यात चालू फायरप्लेस, रोज संध्याकाळी लाकडं पेटवणार होते. त्यांची नजर सरळ आमच्याकडच्या पितळी पंख्यावर, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या स्क्रीनवर गेली. मोराच्या पिसाऱ्यासारखा उघडतो ना तो, नऊ पाती, प्रत्येकावर कोरीव जाळी, खाली पंखवाल्या सिंहासारखा कुठलातरी प्राणी. सुंदरच आहे, माझाही लाडका होता. मालकांनी मला आतून हाक मारली, "जरा बघून सांग गं यांना."

आता हे माझं आवडतं काम, त्यामुळे मी सुटलेच. चुंबक फिरवून दाखवला, कुठेच चिकटला नाही, म्हणजे पत्र्यावर पितळेचा मुलामा नाही. (इथे एक सांगते, हल्ली लोक खिशात चुंबक घेऊन येतात आणि पितळी तोंडाच्या घोड्यांच्या मागच्या आडव्या बारला चिकटला की "नकली, नकली" करतात. अहो तो बार लोखंडाचाच असतो, निखाऱ्यांवर पडून राहायचं असतं त्याला.) मग पाती जिथे एकत्र येतात तो स्क्रू दाखवला. एकच सरळ खाच, तीही मधोमध नाही, किंचित सरकलेली, हाताने कापलेली. चौफुलीची खाच असती तर ती 1930 च्या दशकात बाजारात आली, म्हणजे एकतर वस्तू त्यानंतरची किंवा कोणीतरी मधे उघडलेली. पात्यांच्या कडा जिथे एकमेकींवर घासतात तिथली झीज दाखवली, बाहेरच्या पात्याला कमी, मधल्यांना जास्त, अशी झीज खोटी करायला कोणाला एवढा वेळ असतो. फार जुना नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं, असे पंखे 20व्या शतकातही भरपूर बनलेत. पण अस्सल काम.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हे चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल की. डोळे झाकून घ्या."

सोबत त्यांनी पोकर, चिमटा आणि फावड्याचा सेटही घेतला. त्यात फावड्याची मूठ वेगळ्या घडणीची होती, म्हणजे दोन सेटचे तुकडे एका स्टँडवर आणलेले. आमच्या धंद्यात याला 'मॅरेज' म्हणतात. हे मी त्यांना सांगितलं, मालकांचं तोंड वाकडं झालं तरी सांगितलं. फावड्याची एकच कड झिजलेली होती, कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच हाताने एकाच कोनात राख ओढलेली, तेही कौतुकाने दाखवलं. हा सगळा शहाणपणा मी केला.

तीन आठवड्यांनी काका पंखा घेऊन परत आले. चिडलेले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, जेवायला आतल्या खोलीत गेलो, आग चालू होती, पंखा समोर उघडून ठेवलेला, फट्‌ असा आवाज आला आणि नंतर जळका वास. गालिच्याला अंगठ्याएवढं भोक, खालच्या लाकडी जमिनीवर काळा डाग. तेवढ्यावर निभावलं.

मी पंखा उजेडात धरला आणि मला लगेच दिसलं, वरच्या बाजूला तपकिरी ढग आल्यासारखं झालं होतं. ते लॅकर. विकायच्या आधी आम्हीच मारतो, पितळ काळं पडू नये आणि गिऱ्हाइकाला चकाकी दिसावी म्हणून. माझा त्याला कायम विरोध, आमचा पॉलिशवाला पोरगा तर एवढं घासतो की नक्षीचे डोळे-नाक जातात, पण माझं ऐकतं कोण. तर लॅकर उष्णतेने करपतं. म्हणजे पेटत्या आगीजवळ ठेवायची वस्तू आम्ही अशी तयार केली असती का? नसती केली. आम्हाला माहीत होतं की हा पंखा बंद फायरप्लेसचं काळं तोंड झाकायला असतो, आग नसते तेव्हा. माहीत इतकं होतं की ते कोणी तोंडाने बोललंच नाही.

कोरीव जाळीतून आणि पात्यांच्या मधल्या फटीतून ठिणगी आरामात जाते. लाकडात ओल किंवा चीक अडकलेला असतो, तापला की त्याची वाफ होते, वायू होतो, बाहेर पडायला जागा नसते आणि मग ते लाकूड फुटतं. पाइनसारखी चीकवाली लाकडं तर फटाकेच. काका नेमकं तेच जाळत होते.

मालक म्हणाले, "काका, हे डेकोरेटिव्ह असतं, हे तर कोणालाही कळतं." कोणाला कळतं? स्क्रीन या एकाच शब्दाखाली आम्ही चार वेगवेगळ्या वस्तू विकतो. दांड्यावर वरखाली सरकणारी छोटी भरतकामाची चौकट, ती 18व्या शतकात बसलेल्या माणसाच्या तोंडाला आगीची धग लागू नये म्हणून असायची, ठिणगीशी तिचा संबंध नाही. (बायकांचा मेणाचा मेकअप वितळू नये म्हणून, ही गोष्ट मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, तिला काही पुरावा नाही, पण वस्तू विकली जाते.) मग बंद तोंडावर लावायची रंगवलेली फळी. मग हे पंखे. आणि मग खरी तारेची जाळी, जी ठिणगी अडवते पण धग अडवत नाही. चारही 'स्क्रीन'. आणि मी स्क्रूच्या खाचेवर भाषण दिलं.

त्या दिवशी मी काकांना आधी सगळं उलट विचारलं, जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं. तोंड किती रुंद, किती उंच, चौथऱ्याची फरशी किती पुढे येते, काय जाळता. मग कळलं की सेटही चुकीचाच दिला होता. तो कोळशाचा सेट. चिमट्याच्या टोकाला छोट्या गोल चकत्या, कोळशाचा खडा उचलायला बरोब्बर, ओंडका धरायला गेलं की निसटतो. पोकर सरळ टोकाचा, कोळसा फोडायला. लाकडाला टोकाशी आकडा लागतो, ओंडका पुढे ओढायला. काका म्हणाले, "हो ना, मला वाटलं मलाच जमत नाहीये."

हे वाक्य मला गालिच्याच्या भोकापेक्षा जास्त लागलं.

आमच्याकडे एक जुनी तिघडी जाळी होती, पितळी पट्टीची. तिच्यामागे टॉर्च धरला. मधे विण छान, पण खाली चौकटीला लागून तारा तुटलेल्या, अंगठा जाईल एवढी फट, आणि निखारे तर खालूनच घरंगळतात. एक पाय डुगडुगत होता, धक्का लागला तर आगीवरच कलंडेल. मी म्हटलं जाळी नवीन विणून देते, वेळ लागेल. काका म्हणाले, आग तर रोज पेटते. शेवटी त्यांनी आमच्याकडे नसलेली, साधी काळी नवीन जाळी घ्यायची ठरवली, तोंडापेक्षा दोन्हीकडून जास्त रुंद, मीच माप लिहून दिलं. पंखा त्यांनी ठेवून घेतला, उन्हाळ्यासाठी. सेट मी बदलून दिला, आकड्याचा पोकर आणि लांब चिमटा, जोड न जुळणारा, दिसायला अगदीच सामान्य.

मालक त्यावरून दोन दिवस बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला बाहेरचा माल सुचवला म्हणून.

अजूनही वाटतं, काकांनी अगदी साधं विचारलेलं. चालेल ना. मला ऐकू आलं, खरं आहे ना. कदाचित मला तेवढंच विचारलेलं आवडतं.

आता दुकानातल्या प्रत्येक पंख्याला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधते, 'पेटत्या आगीसमोर ठेवू नये'. परवा बघितलं तर सगळ्या चिठ्ठ्या मागच्या बाजूला वळवून ठेवलेल्या. मी पुढे केल्या. संध्याकाळी परत मागे होत्या.