सिमेंट रस्त्याच्या आधी जमिनीखालचे काम

आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता मंजूर झाल्याचे कळले तेव्हा शेजारीपाजारी खूश झाले. मला मात्र काळजी लागली ती रस्त्याखालच्या जुन्या नळाच्या आणि गडरच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, लाइनची. डांबरी रस्ता खोदून बुजवता येतो, पण सिमेंटचा रस्ता गळतीसाठी एकदा कापला की ते ठिगळ पुन्हा मूळ पातळीत बसत नाही, आणि असे ठिगळ पाहायला नागपुरात फार लांब जावे लागत नाही. म्हणून आम्ही काही रहिवाशांनी झोन कार्यालयात अर्ज दिला की दोन्ही लाइन आधी बदलाव्यात आणि मगच काँक्रीट टाकावे. गढूळ पाण्याच्या तक्रारींच्या प्रती आणि तुंबलेल्या चेंबरचे फोटो सोबत जोडले होते. मंजुरीला बराच वेळ गेला, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

खोदकाम सुरू झाले आणि गढूळ पाण्याचे कारण समोर आले. आमच्या घराचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गडरच्या चेंबरमधून आरपार गेलेला होता. पाइपात दाब असतो तोवर छिद्रातून पाणी बाहेर गळते. पुरवठा थांबला किंवा कोणी नळाला टिल्लू पंप (पाणी खेचणारी छोटी मोटर) लावला की त्याच छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. कापलेला तुकडा हातात घेतला तेव्हा गंजाच्या थरांमधून जेमतेम पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले दिसले.

गडरलाइन दाबावर नव्हे, ढाळावर चालते. म्हणून ती सर्वांत खोल आणि सर्वांत आधी टाकावी लागते. चिनीमातीचे जुने पाइप सांध्यांत उकलले होते आणि त्यांत झाडांची मुळे शिरली होती. नवीन पाइप टाकल्यावर अभियंत्यांनी एका मॅनहोलमध्ये दिवा आणि पुढच्या मॅनहोलमध्ये आरसा धरून पाहिले. लाइन सरळ असेल तर आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. एका टप्प्यात ते अर्धेच दिसले, कारण तिथे मुरूम न पसरता पाइप थेट काळ्या मातीवर टेकवला होता, आणि ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. कंत्राटदाराने कुरकुर केली, तरी तेवढा भाग उकरून पुन्हा बसवला. हे त्याच दिवशी पाहिले नसते, तर पुढे कोणालाच कळले नसते.

पाण्याची आणि गडरची लाइन यांत शक्यतो ३ मीटर अंतर ठेवावे, असा संकेत आहे. आमच्या अरुंद गल्लीत ते शक्य नव्हते. त्यामुळे पाण्याची डीआय (चिवट बिडाची) लाइन समोरच्या बाजूने, वरच्या पातळीवर घेतली आणि घरांना निळ्या एमडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपांची जोडणी दिली. लाइन बुजवण्याआधी दाबाची चाचणी झाली, नंतर क्लोरीनने धुलाई. ऐन मे महिन्यात टँकरपुढे बादल्या घेऊन उभे राहावे लागले, ही त्यातली खरी शिक्षा. शेवटी नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकल्यावर ते फिकट पिवळे झाले; नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित असते.

घरापासून नव्या चेंबरपर्यंतची जोडणी ज्याची त्याने करायची होती, आणि तिथेच अडले. शेजारचे काका म्हणाले, “जुनी लाइन चालूच आहे ना, मग कशाला खर्च?” मी म्हटले, “काका, नंतर सिमेंट कापायची परवानगी आणि भुर्दंड, दोन्ही आपल्याच गळ्यात येतील.” दोन दिवसांनी त्यांनीच प्लंबरला बोलावले. रिकाम्या प्लॉटसाठीही जोडणीचे तोंड कुंपणापर्यंत आणून बंद करायला लावले आणि पुढे केबल टाकता यावी म्हणून रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप घालून घेतले.

रस्त्याच्या पातळीसाठी मात्र भांडावे लागले. जुन्या डांबरावरच काँक्रीट टाकले असते तर पहिल्याच पावसात पाणी घरांत शिरले असते. म्हणून जुना थर पूर्ण उकरून, प्रत्येक कंपाउंड भिंतीवर रंगाने नव्या रस्त्याच्या पातळीची खूण करून घेतली आणि ती जोत्याच्या खाली असल्याची खात्री झाल्यावरच आम्ही पुढचे काम होऊ दिले. पाऊस आला तेव्हा पाणी वाहून गेले. कोपऱ्यावरच्या मॅनहोलचे झाकण तेवढे बोटभर खाली बसले आहे. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे.